वारीला एकटी गेले त्याची गोष्ट (आणि जाणाऱ्यांसाठी थोडं)

मी परळची. आषाढीला आमच्या घरची धाव वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत, पहाटे उठून रांगेत उभं राहायचं, दर्शन झालं की दादरला चहा पिऊन घरी, संपली आमची वारी. गेल्या वर्षी मात्र डोक्यात बसलं की खऱ्या वारीत चालायचंच, पूर्ण नाही जमलं तरी पुणे ते लोणंद, कारण रजा तेवढीच मिळत होती. मैत्रिणी हो हो म्हणाल्या आणि आयत्या वेळी एकेक करून गळल्या. मग एकटीच गेले. आईने तीन दिवस तोंड फुगवलं होतं.

तर आता ज्या बायका मला विचारतात की एकटीने जाऊ का, त्यांना पहिली गोष्ट सांगते, घरून एकटी निघा पण दिंडीत आधी नाव घाला. आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाच्या बुवांनी ओळखीच्या एका दिंडीला फोन लावला, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याचे, पैसे भरले, झालं काम. मग जेवण त्यांचं, राहुटी त्यांची आणि मोठी बॅग ट्रकमध्ये. आपल्याकडे फक्त झोळी. नुसतं सॅक लावून घुसलं तर दिवसा मजा येते, रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न पडतो आणि तो प्रश्न अंधारात पडू नये.

पुण्यात माऊलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत असते, म्हणजे दोन्ही जवळजवळच. पहाटे दोन्हीकडची माणसं एकाच रस्त्याने निघतात आणि हडपसरला फाटा फुटतो, माऊली सासवडकडे, तुकोबा लोणी काळभोरकडे. हे माहीत असायला हवं. माझ्यापुढे चालणारी एक पुण्याचीच मुलगी रीलच्या नादात भलत्या बाजूला बरीच पुढे गेली आणि रडकुंडीला येऊन परत आली. आणि फोनवर भरवसा ठेवू नका, गर्दीत नेटवर्क लागतच नाही. आमच्या दिंडीतल्या आक्कांनी निघायच्या आधीच माझा हात धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दिंडीचा नंबर, ट्रकचा नंबर आणि विणेकऱ्यांचा मोबाईल लिहिला. मला हसू आलं, शाळेच्या सहलीला चाललोय की काय. दुपारी बॅटरी गेली तेव्हा तो हातच कामाला आला.

आता मेन मुद्दा. मी जाताना घाबरले होते पुरुषांना. मिरीचा स्प्रे वगैरे घेतलेला. आणि प्रत्यक्षात मला आडवं केलं ते संडासाने. म्हणजे झालं असं की जायला जागा मिळेल की नाही म्हणून मी पहाटेपासून पाणीच प्यायले नाही. लोकलने ऑफिसला जाणारी कुठलीही बाई हेच करते ना, बदलापूरवरून येणाऱ्या मैत्रिणी तर चहा पण सोडतात सकाळचा. सवयच आपल्याला. पण पुणे ते सासवड म्हणजे तीसेक किलोमीटर, वर त्या दिवशी एकादशी, पोटात मूठभर साबुदाणा, आणि दुपारी दिवे घाट. घाटाच्या मध्यावर डोळ्यापुढे काजवे चमकले आणि मी कठड्याशी खाली बसले. टाळ वाजतायत, सगळे माऊली माऊली करत नाचत वर चाललेत, आणि मी ओकतेय.

परभणीकडच्या एक आजी थांबल्या. डोक्यावर तुळस, ती तशीच एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बाटली उचलली. भरलेली, सील पण न फोडलेली. म्हणाल्या, "पोरी, पाणी कामून पिईना तू?" मी खरं कारण सांगितलं तर त्या आधी खो खो हसल्या. मग बरोबरच्या दोघींना हाक मारली, मला रस्त्यावरून जरा खाली नेलं, एकीने नेसत्या लुगड्याचा पदर ताणून धरला, दुसरीने शाल, तिसरी पाठ करून उभी. तो आडोसा इतका पक्का की आमच्या ऑफिसच्या वॉशरूमला पण एवढी प्रायव्हसी नाही. वर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि घाट संपेपर्यंत माझ्या झोळीचा पट्टा धरून चालल्या, जसं काय मी पळून जाणार होते.

तेव्हापासूनचं माझं टाइमटेबल असं. पहाटे तीनच्या सुमाराला आजींचा घोळका उठतो, तेव्हाच त्यांच्याबरोबर उठायचं. मुक्कामाला फिरती शौचालयं रांगेने उभी असतात, तीनला बरी असतात, पाचला आत पाऊल ठेववत नाही. आंघोळ पण तेव्हाच, टँकरच्या नळाखाली, परकर छातीशी बांधून, कोणी कोणाकडे बघत नाही. टॉर्च पाहिजेच. बाटली, साबणाचे कागद, आणि शेतात एकटीने कधीच जायचं नाही, दिवसा पण नाही.

पाळी. हो ते पण झालं, सासवडला, तारखेच्या चार दिवस आधी, चालून चालून असेल. मी गप्प बसणार होते, म्हटलं आजी काय म्हणतील, माळकरी बाई. पोट दुखून चेहरा उतरला तर त्यांनीच ओळखलं. "मी एवढी वर्सं चालू लागले, मला काय कधी आलीच न्हाई का?" एवढंच बोलल्या आणि ओवा आणून दिला. सगळ्याच असं म्हणतील याची गॅरंटी नाही, एक काकू जरा सरकून बसल्या होत्या, बसू देत. महिला आयोगाची आरोग्य वारी २०२२ पासून सुरू आहे, त्यात सॅनिटरी पॅडची सोय असते, पण आपलं पाकीट झोळीतच ठेवा, ट्रकमधल्या बॅगेत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत हात लावता येत नाही. वापरलेल्यासाठी जुने पेपर आणि काळ्या पिशव्या.

कपडे साधे, सुती सलवार कमीज, आतून खिसा शिवून घेतलेला, पैसे रोख आणि दोन ठिकाणी. लेगिंग्ज नको, मांड्या सोलवटतात, खोबरेल तेल लावा. नवीन बूट तर अजिबात नको, मी महिनाभर जुन्याच सँडलमध्ये परळ ते वडाळा चालून बघितलेलं.

आणि पुरुष? बहुतेक चांगलेच, खरंच. पण जेजुरीच्या आधी एकजण बाईक घेऊन बाजूबाजूने यायला लागला, गळ्यात कसलंतरी कार्ड, "माऊली दमलात, बसा, मुक्कामाला सोडतो". दोनदा नाही म्हटलं तरी हटेना. मी ट्रेनमधल्या आवाजात ओरडले, काय पाहिजे रे तुला? पुढच्या चार बायका गर्रकन वळल्या आणि तो गेला. आक्का म्हणाल्या, "माऊली म्हटलं म्हणजे लगेच माऊली होत नाही गं कोणी." लिफ्ट घ्यायचीच नाही, पाय गेला तर दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं, त्यात लाज कसली. ११२ (पोलीस, इमर्जन्सी) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) नंबर सेव्ह असू देत. गर्दीत दाटी झाली की झोळी पुढे आणि कोपर बाहेर, ते मुंबईच्या बाईला शिकवायला नको.

वाल्ह्यानंतर नीरेला पादुकांचं स्नान बघितलं. त्याबद्दल लिहायला बसले तर संपणारच नाही, ते राहू दे. त्याच दिवशी लोणंदला आजींचा निरोप घेतला, त्या पंढरपूरकडे, मी ट्रेनला. परतीचं गणित मात्र मी चुकवलं, दादरला उतरले तेव्हा शेवटची लोकल गेलेली. एकटीने टॅक्सी करायची हिंमत होती पण इच्छा नव्हती, वेटिंग रूममध्ये बसले, चारनंतरची पहिली गाडी पकडली. तुम्ही परतीचं तिकीट दिवसा पोचेल असं काढा.

घरी आले तर आईने पाय बघितले आणि काही न बोलता गरम पाणी ठेवलं. मी आधी गॅलरीच्या टोकाला गेले. चाळीतल्या त्या कॉमन संडासाला मी लहानपणापासून नावं ठेवत आलेय. आत गेले, कडी लावली, ती दोनदा हलवून बघितली, आणि नुसतीच बसून राहिले. बाहेर शेजारचे काका बादली वाजवत होते, आत कोण आहे, झोपलात काय?