धोडपची भिंत, फुटलेली जमीन

नाशिकहून आग्रा रोडने पिंपळगाव बसवंत ओलांडलं, वडाळीभोई फाट्याला डावीकडे वळलो आणि धोडांब्याच्या पुढे गाडीतली बडबड आपोआप थांबली. सातमाळा रांगेत धोडप किल्ला कुणी ओळखून द्यावा लागत नाही. उंच बोडका माथा, त्याला चिकटून लांबच लांब सरळ कातळभिंत आणि त्या भिंतीला मध्येच पडलेली खाच. ट्रेकर मंडळी या भिंतीला ‘डाइक’ म्हणतात. मला यावेळी किल्ल्यापेक्षा तीच बघायची होती.

हट्टी गावात चहा घेताना टपरीवाल्या बाबांनी विचारलं, “खाचेपाशी जाणार का? वारं लई असतं, कडेला जाऊ नका.” मग आपणहून म्हणाले, “तिकडं कळवणकडं मधूनच जमीन हादरती. लोक म्हणत्यात, खाली लाव्हा हाये.”

हे मी व्हॉट्सअ‍ॅपवरही वाचलंय. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या पट्ट्यात सौम्य धक्के बसले, की ‘सह्याद्रीत ज्वालामुखी जागा होतोय’ हा मेसेज हमखास फिरतो.

सोनारवाडीपर्यंत चढ सोपा आहे. पुढे शिड्या, कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजा. 1768 मध्ये याच धोडपला माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला. घरातलंच भांडण, पण इतक्या वर येऊन! गुहेतल्या देवीला नमस्कार करून आम्ही भिंतीकडे निघालो.

जवळ गेल्यावर कळतं, की ही भिंत आजूबाजूच्या डोंगरासारखी नाही. डोंगर आडव्या थरांचा, एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याचा. ही मात्र उभी, त्या थरांना छेदून आलेली. हात लावला तर खडक घट्ट, बारीक कणांचा, काळपट, आणि ठिकठिकाणी तडकून त्याचे ठोकळे झालेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, त्या काळात खालून शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, एका भेगेत घुसला आणि तिथेच थिजला. पुढे बाजूचा खडक ऊनपावसाने झिजून गेला, आतली भरण टणक म्हणून उरली. म्हणजे आपण ज्याला भिंत म्हणतो, ती खरं तर एक भेग आहे, भरलेली.

आणि भेग काही गुपचूप पडत नाही. लाकडात पाचर ठोकावी तसा शिलारस दाबाने खडक फोडत पुढे सरकतो, आणि खडक तुटला की भूकंप. हे धक्के बहुतेक लहान असतात, पण शेकड्यांनी, हजारांनी येतात, आणि शिलारस सरकेल तसे त्यांचे केंद्रबिंदूही सरकतात. 2014 च्या ऑगस्टमध्ये आइसलँडच्या बाउरदारबुंगा ज्वालामुखीखालून शिलारस साधारण दोन आठवड्यांत 45 किलोमीटरच्या वर आडवा गेला. बर्फाखाली काय चाललंय हे कुणाला दिसत नव्हतं, पण धक्क्यांच्या नोंदींवरून वाट रोज नकाशावर काढता येत होती. 10 नोव्हेंबर 2023 ला तिथल्याच ग्रिंडाविक गावाखाली असाच शिलारस घुसला. एका रात्रीत सारं गाव रिकामं केलं आणि 18 डिसेंबरला गावाजवळ जमीन फाटून लाव्हा वर आला.

मोठा धक्का मात्र वेगळ्या तऱ्हेने येतो. घुसलेला शिलारस शेजारचा डोंगर ढकलतो, आधीच ताणलेला जुना प्रस्तरभंग (खडकातली सरकणारी मोठी भेग) निसटतो. हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीत 4 मे 2018 ला 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला, तो असा. पुढचे महिने शिखराखालची शिलारसाची कोठी रिकामी होत गेली आणि वरचं छत टप्प्याटप्प्याने खचलं. जवळपास रोज एक दणका. म्हणजे शिलारस आला तरी हादरा, गेला तरी हादरा. आणि इतकं होऊनही तो वर येईलच असं नाही. 2025 च्या सुरुवातीला ग्रीसमधल्या सांतोरिनीजवळ हजारो धक्के बसले, लोक बेट सोडून गेले, उद्रेक झालाच नाही.

खाचेपाशी वारा खरंच भयंकर होता. बाबांचं ऐकून कडेपासून लांबच बसलो. समोर रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी. सगळा लाव्ह्याचाच पसारा, पण केव्हाच थंड झालेला. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. आपल्याकडच्या धक्क्यांचा शिलारसाशी संबंध नाही. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप भूखंडातल्या साठलेल्या ताणाचा मानतात, तर 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणाच्या पाण्याशी जोडतात. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भूकंपमापक आहे; धक्का बसला की फॉरवर्ड सोडून तिथली नोंद काय सांगते ते बघावं.

उतरल्यावर बाबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं झालं. पण मग जमीन हादरती कशापायी?” ताणाचं सांगितलं, तर म्हणाले, “लाव्हा कळतो ओ, ताण नाही कळत.”

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा, पहाटे निघा आणि पाणी भरपूर घ्या. भिंत चांगली बघायची तर दुपारनंतरचं तिरपं ऊन बरं, तेव्हा खडकातले तडे नीट उठून दिसतात.