हेडर मारायचा पगार देता ना, मग डोकंही सांभाळा

फुटबॉलमधल्या कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचा, विषय निघाला की आमच्या ग्रुपवर गाडी फिरून फिरून दोनच वाक्यांवर येते. एक, "पूर्वीचे बॉल जड होते रे, आता तसं काही नाही." दोन, "प्लेअरलाच बाहेर जायचं नसतं, डॉक्टर बिचारा काय करणार?" आता मी चाकणला एका कारखान्यात सेफ्टी बघतो, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या विभागात) उठताबसता ऐकायला मिळतात, फक्त बॉलच्या जागी मशीन असतं. "साहेब, जुन्या प्रेसचा आवाज ऐकला असतात तर कळलं असतं, हे काहीच नाही." "साहेब, त्यालाच नको असतात इअर प्लग, कानात खाज येते म्हणतो." कायदा यातलं काही ऐकून घेत नाही. कामगाराला नको असलं तरी जबाबदारी कंपनीची. मग क्लब ही कंपनी नाहीये का? पगार देतो, कामाची वेळ ठरवतो, रजा मंजूर करतो, नको झाला की विकूनही टाकतो (हे तर आम्हालाही जमत नाही).

आणि हे माझं एकट्याचं डोकं चाललंय असं नाही. जेफ अ‍ॅसल म्हणून वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा स्ट्रायकर होता, १९६८ च्या एफए कपच्या फायनलला एव्हर्टनविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये एकमेव गोल याचाच. तो गोल पायाने मारलेला, पण माणूस ओळखला जायचा हेडरसाठी, म्हणजे डोक्याने बॉल मारण्यासाठी. खेळणं संपल्यावर साफसफाईचा धंदा केला, तेव्हाच्या फुटबॉलरला पोट भरायला काहीतरी करावंच लागायचं. पन्नाशीत विसरायला लागला, आणि २००२ च्या जानेवारीत ५९ व्या वर्षी गेला. इंग्लंडमध्ये मृत्यू नैसर्गिक वाटला नाही तर कॉरोनर चौकशी करतो, तशी झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉरोनरने निकाल दिला की हा इंडस्ट्रियल डिसीजने झालेला मृत्यू. म्हणजे सिलिकोसिसने (धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने) खाणकामगार जातो त्याच रांगेत. वर्षानुवर्षं बॉल डोक्यावर घेतल्याने मेंदूचं नुकसान झालं असं सरळ सांगितलं. पुढे २०१४ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्टनी तोच मेंदू पुन्हा तपासला तेव्हा त्यात सीटीई निघालं, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, बॉक्सरच्या डोक्यात सापडतो तो.

आता मला सांगा, आमच्याकडे एखाद्या डिपार्टमेंटमधला माणूस गेला आणि सरकारी कागदावर 'धंद्यातून आलेला आजार' असं लिहून आलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवर फॅक्टरी इन्स्पेक्टर असेल. फुटबॉलमध्ये काय झालं? धड मोठा अभ्यास बाहेर यायला २०१९ उजाडलं. सतरा वर्षं! तोही त्याच डॉ. स्टुअर्टच्या टीमचा, स्कॉटलंडचे ७,६७६ माजी प्रोफेशनल खेळाडू आणि त्यांच्या तुलनेला साधारण २३ हजार सामान्य लोक. निघालं असं की खेळाडू हार्टच्या आजाराने आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने कमी मरतात, जे अपेक्षितच होतं, पण डिमेन्शियासारख्या मेंदूच्या आजाराने मरण्याचं प्रमाण साधारण साडेतीन पट. २०२१ ला त्याच डेटाची पोझिशनप्रमाणे फोड केली तर डिफेंडर्सचा आकडा सगळ्यात वाईट, पाचपटीच्या आसपास, आणि गोलकीपरचा जवळपास सामान्य माणसाइतका. एकच मैदान, एकच ट्रेनिंग, एकच ड्रेसिंग रूम, फक्त एक जण बॉल हाताने पकडतो आणि दुसरा डोक्याने काढतो. सेफ्टीवाल्याला यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे.

जड बॉलवाल्यांसाठी एवढंच सांगतो की नियमातलं वजन ४१० ते ४५० ग्रॅम आहे आणि अ‍ॅसलच्या काळातही साधारण तेवढंच होतं. चामडं पाणी प्यायचं आणि जड व्हायचं हे खरं, पण आजचा बॉल पाणी पीत नाही म्हणून येतो किती जोरात ते पण बघा.

माझ्या मते लोक चुकीच्या ठिकाणी भांडतात. सगळी चर्चा मॅचमधल्या टकरीवर, कारण ती टीव्हीवर दिसते, रक्त दिसतं, स्ट्रेचर येतो. पण प्रेस शॉपमध्ये माणूस एका मोठ्या धडाक्याने बहिरा होत नाही. आठ तास, सहा दिवस, वीस वर्षं. आमच्याकडचे जुने ऑपरेटर कँटीनमध्ये समोरासमोर बसून पण ओरडून बोलतात, नवीन पोराला वाटतं भांडण चाललंय. त्यांना विचारलं "कधी कमी ऐकू यायला लागलं?" तर तारीख कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच आवाजाने येणारं बहिरेपण आपल्या कामगार-सुरक्षेच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे, आणि म्हणूनच आम्ही दरवर्षी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करतो, आवाज मोजतो, कोण किती तास तिथे उभा राहिला ते रजिस्टरला लिहितो. हेडरचं तसंच आहे. आणि हेडर मॅचमध्ये जेवढे होतात त्यापेक्षा जास्त ट्रेनिंगमध्ये होऊ शकतात, कोच उभा राहून क्रॉसमागून क्रॉस टाकतोय आणि सेंटर बॅक उड्या मारतोय. मॅचमध्ये निदान म्हणता येतं की बाबा समोरची टीम, रेफरी, नियम, आपल्या हातात काय आहे. पण ट्रेनिंग ग्राउंड शंभर टक्के मालकाचं असतं, तिथे किती कॉर्नर टाकायचे हे कोच ठरवतो आणि कोचला पगार क्लब देतो. तिथे पळवाटच नाहीये.

जुलै २०२१ पासून इंग्लंडमध्ये यावर गाइडन्स आलं, जोरातले हेडर आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये जास्तीत जास्त १०. जोरातले म्हणजे ३५ मीटरपेक्षा लांबचा पास, क्रॉस, कॉर्नर, फ्री किक. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण मोजणार कोण? क्लबच. आठवड्याला १० ही लिमिट असलेली गोष्ट क्लबनेच मोजायची, क्लबनेच लिहायची, आणि कोच म्हणाला शनिवारी समोर सहा फूट चार इंचाचा स्ट्रायकर आहे, आज कॉर्नर-फ्री किकची प्रॅक्टिस जास्त करू, तर ते रजिस्टर त्या दिवशी काय दाखवेल हे मला कोणी शिकवू नये, रजिस्टरं मी पण बघतो! त्यापेक्षा स्कॉटलंडने २०२२ मध्ये केलं ते मला जास्त पटतं, मॅचच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगमध्ये हेडर बंद. मोजायची भानगडच नाही, आणि कोणीही कुंपणाबाहेर उभं राहून चेक करू शकतो.

डॉक्टरचा विषय राहिला. नोव्हेंबर २०१३, एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम, एव्हर्टनच्या लुकाकूचा गुडघा टॉटनहॅमचा गोलकीपर ह्युगो लोरिसच्या डोक्याला लागला, लोरिस बेशुद्ध पडला आणि उठून पुढे खेळला. त्याच्या मॅनेजरचं म्हणणं, त्याला खेळायचं होतं. अरे, त्याला खेळायचं असणारच, थोड्या वेळापूर्वी तो शुद्धीत नव्हता! २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलला जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर मार लागल्यावर रेफरीलाच विचारत होता की ही फायनल आहे का, आणि तरी मध्ये काही वेळ खेळत होता. यानंतर प्रीमियर लीगने नियम केला की अशा वेळी डॉक्टरचा शब्द शेवटचा.

छान. आणि लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१५ ला, चेल्सीच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो रेफरीने बोलावलं म्हणून आपल्या खेळाडूला, हॅझार्डला, बघायला मैदानात गेल्या. डोक्याची दुखापत नव्हती, पण टीम आधीच दहा जणांवर होती आणि ट्रीटमेंट घेतलेल्याला बाहेर जावं लागतं म्हणून नऊ झाले, तर मॅनेजर मोरिन्योने जाहीरपणे सुनावलं की मेडिकल स्टाफला गेम कळला पाहिजे. मग त्यांना फर्स्ट टीमच्या कामातून बाजूला केलं, त्यांनी क्लब सोडला, ट्रायब्युनलमध्ये गेल्या, आणि २०१६ मध्ये सेटलमेंट करताना चेल्सीला माफी मागावी लागली. पण बाकीच्या क्लबांच्या डॉक्टरांनी त्यातून काय घेतलं असेल? माझ्या फील्डमध्ये याला एकच उत्तर आहे, सेफ्टी ऑफिसर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली ठेवायचा नाही. महिन्याचं टार्गेट राहिलेलं असताना लाइन बंद करायचा अधिकार कागदावर असून उपयोग नसतो, ज्याच्याकडे तुमचं अप्रेझल आहे तोच शेजारी उभा असतो.

बाहेरचा डॉक्टर आणला की सुटलं असंही नाही म्हणा. अमेरिकेत, त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, बाहेरचे न्यूरोवाले डॉक्टर आहेत. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा टुआ टागोवायलोआ डोकं आपटून लटपटताना सगळ्या जगाने पाहिला, पाठ दुखतेय असं कारण पुढे आलं, तो परत खेळला आणि चार दिवसांनी पुढच्या मॅचमध्ये स्ट्रेचरवर गेला. खेळाडूंच्या युनियनने त्या पहिल्या मॅचमधल्या डॉक्टरला काढलं आणि नंतर प्रोटोकॉल बदलला, असा तोल गेला की परत यायचंच नाही, कारण काहीही असो. हे मला आवडलं. माणसाच्या हिमतीवर सोडण्यापेक्षा नियमच असा करायचा की वाद घालायला जागा राहत नाही.

सॉकरमध्ये अजून हे घोडं तिथेच अडलंय. जादा कन्कशन सब (डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणारा बदली खेळाडू) २०२४ पासून नियमात आला, पण कायमचा, म्हणजे एकदा बाहेर गेला की गेला. रग्बीसारखं तात्पुरतं बाहेर घेऊन शांतपणे तपासायचं, तोपर्यंत दुसरा खेळेल, हे प्रीमियर लीगने स्वतः मागितलं होतं, २०२३ मध्ये नियमवाल्या आयफॅबने नाही म्हटलं. विरोध करणारे म्हणतात गैरवापर होईल. आपल्या क्रिकेटमध्ये २०२० साली कॅनबेराला जडेजाच्या जागी चहल कन्कशन सब म्हणून आला आणि २५ मध्ये ३ काढून मॅन ऑफ द मॅच झाला, ऑस्ट्रेलियावाले तणतणले, पण म्हणून क्रिकेटने नियम मागे घेतला नाही.

राहता राहिले पैसे. १९६६ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या अकरातले पाच जण, रे विल्सन, मार्टिन पीटर्स, चार्लटन बंधू दोघंही आणि नॉबी स्टाइल्स, शेवटी डिमेन्शियाचे रुग्ण होते. स्टाइल्सने घरच्यांसाठी काहीतरी मागे राहावं म्हणून २०१० मध्ये मेडल लिलावात काढली, ती मँचेस्टर युनायटेडनेच घेतली. २०२३ मध्ये प्रीमियर लीग आणि खेळाडूंच्या युनियनने मिळून आजारी माजी खेळाडूंसाठी फंड काढला, सुरुवातीला १० लाख पाउंड. त्याच उन्हाळ्यात चेल्सीने कायसेदो या एका खेळाडूसाठी अ‍ॅड-ऑन धरून साडेअकरा कोटी पाउंडांचं डील केलं. आमच्या कारखान्यात ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) बसणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या पगारावर कंपनीला दर महिन्याला ३.२५ टक्के भरावेच लागतात, मर्जी विचारत नाही कोणी. प्रीमियर लीगच्या प्रत्येक कॉन्ट्रॅक्टवर आणि ट्रान्सफरवर याच्या दहाव्या हिश्शाएवढी जरी सक्तीची कपात लावली, तरी फंडाला कोणाच्या दानतीची वाट बघावी लागणार नाही.