ह्याला गळा नाही

२४ मे, रविवार. रात्र.

साडेआठला लाईट गेली ती अजून आलेली नाही. दुपारी ढग भरून आले, वळीव येणार येणार म्हणून आईनं वाळवणं आत ओढली, आणि नुसती धूळ उडून गेली. मेणबत्तीपाशी बसून लिहितेय. आई गॅलरीत सतरंजी टाकून पडलीये. मधूनच विचारते, "आली का गं?" मी म्हणते, "नाही." पाच मिनिटांनी परत तेच.

आज बॉब डिलनचा वाढदिवस. जन्म १९४१ चा. तिकडं शिलाँगमध्ये लू माजॉ नावाच्या गायकानं १९७२ पासून हा दिवस डिलनची गाणी गाऊन साजरा करायची प्रथा पाडली. सांगलीत बहुतेक मी एकटीच. आणि माझं साजरं करणं म्हणजे टीडीकेची ती नव्वद मिनिटांची कॅसेट काढायची, वॉकमनमध्ये नवे सेल घालायचे आणि दोन्ही बाजू सलग ऐकायच्या. लाईट गेल्यानं आज काहीच अडलं नाही.

कॅसेट दादाची. तो वालचंदला होता तेव्हा होस्टेलवरच्या कुणीतरी भरून दिलेली, १९९४ ची. मी तेव्हा विलिंग्डनला अकरावीत. 'ए' बाजूला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' हा अल्बम, 'बी' बाजूला डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. दादाला दोन्ही आवडले नाहीत. "एकजण कण्हतोय आणि दुसऱ्याचं नाक चोंदलंय," म्हणाला आणि कॅसेट माझ्या अंगावर टाकली. इंग्रजी मला निम्मंही कळत नव्हतं. तरी त्या वर्षी पाठ झालं सगळं.

गंमत अशी की नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. 'नेब्रास्का' एक्केचाळीस मिनिटांत आटपतो, तो बसला. 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' जवळजवळ बावन्न मिनिटांचा. म्हणजे 'शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म' सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली की खट्! बटण वर. मला वाटायचं गाणं तेवढंच आहे, त्यानं मुद्दाम अर्ध्यात सोडलंय. फार भारी वाटायचं ते. अकरा वर्षांनी पुण्यात आतेभावाकडे सीडी ऐकली तेव्हा कळलं की गाणं अजून तीन मिनिटं चालतं, आणि त्यानंतर 'बकेट्स ऑफ रेन' नावाचं आणखी एक आहे. एखाद्या घरी वर्षानुवर्षं जावं-यावं आणि त्यांना आणखी एक मुलगी आहे हे तिच्या लग्नात कळावं, तसं झालं.

हा अल्बम डिलननं सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण केला होता. डिसेंबरात भावानं सुचवलं म्हणून मिनियापोलिसला जाऊन त्यानं त्यातली पाच गाणी तिथल्या स्थानिक वादकांना घेऊन नव्यानं केली. कव्हरं आधीच छापून झाली होती, त्यामुळे त्या वादकांची नावं राहिली. जानेवारी १९७५ ला अल्बम आला आणि गाजला, वाजवणारे बिननावाचे. आमच्या अडतीत हळदीची पोती शिवणाऱ्या बायकांची आठवण येते मला. पोत्यावर नाव अडत्याचं.

पण माझा जीव खरा 'ए' बाजूवर. स्प्रिंगस्टीननं ही गाणी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्यानं भरली. बँडला शिकवण्यापुरता कच्चा खर्डा म्हणून. ती कॅसेट कव्हरशिवाय तशीच जीन्सच्या खिशात घालून तो कितीतरी दिवस हिंडला. मग स्टुडिओत बँड घेऊन तीच गाणी केली. सगळं चकाचक झालं, आणि गाणी मेली. शेवटी त्या खिशातल्या कॅसेटवरूनच रेकॉर्ड काढली, सप्टेंबर १९८२ मध्ये. त्यातही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चार ट्रॅक एकत्र करून शेवटची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर उतरवली, तो आधी नदीत पडून बंद पडलेला आणि मग आपसूक पुन्हा चालू झालेला होता.

नदीचं मला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले आणि गावभागातल्या आमच्या घरात पाणी खालच्या खोलीच्या छताला टेकलं. आम्ही विश्रामबागला मावशीकडे. परत आलो तेव्हा पलंगाखालची पत्र्याची पेटी गाळानं बंद झाली होती. आत चाळीसेक कॅसेटी. आई म्हणाली, "दे टाकून." बाकीच्या टाकल्या. ही एक साध्या पाण्यात धुतली, टाचणीनं कव्हर उचकटलं, रीळ सावलीत दोन दिवस सुकवलं आणि स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवलं. वाजली. मध्ये मध्ये आवाज बुडून वर येतो, 'हायवे पेट्रोलमन' मध्ये तर अख्खी ओळ पाण्याखाली जाते. फोनवर स्वच्छ 'नेब्रास्का' आहे माझ्याकडे. तो ऐकते मी, पण वाढदिवसाला नाही.

घरात हे सगळं कुणाला पटायचं नाही, कारण आमचं घर सुराचं. बाबा मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसाला न्यायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथं रात्ररात्र गाणं चालतं. अशा मुलखात सूर लागला नाही तर माणसाला चहासुद्धा कुणी विचारत नाही. मी हेडफोनवर नाकात गाणाऱ्या माणसाला ऐकत बसायचे ते बाबांना खानदानावरचा डागच वाटत असावा. बोलले कधी नाहीत. दार मात्र ओढून घ्यायचे.

गेल्या वर्षी माझ्या गिटारची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, निघाली. सांगलीत एका दुकानात दिली तर त्यांनी फेव्हिकॉल ओतून तिरकी बसवून दिली. शेवटी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. चाचा म्हणाले, "गिटार आमचं काम नाही ताई. पण घोडी म्हणजे घोडी." आणि घेतली ठेवून. ते एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. कानस एकदाच फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. तारेखालचा सुती दोरा केसभर मागं-पुढं. गिटारची तार घोडीवर झणझणली तर तो दोष. इथं तो झणकार, म्हणजेच जवारी, मुद्दाम घडवतात, त्याच्याशिवाय तंबोरा म्हणजे नुसता भोपळा.

काम होईस्तोवर मी फोनवर निक ड्रेकचा 'पिंक मून' लावला. १९७२ चा, जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा. गिटार आणि गळा, एका गाण्यात थोडासा पियानो, बस्स. ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत भरला, खोलीत तो आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड. खपला नाही. १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी ड्रेक गेला. चाचांनी कानस खाली ठेवली. "जाड तार खर्जात उतरवलीय ह्यानं," म्हणाले. खरंच उतरवलीय! इंटरनेटवर शोधून मला कळायला दोन महिने लागले होते, ह्यांना दोन ओळी. मग जोनी मिचेलचा 'ब्लू' लावला, १९७१ चा. तिला नवव्या वर्षी पोलिओ झाला होता, डाव्या हातात जोर कमी, म्हणून तारा अशा लावायची की मोकळ्या छेडल्या तरी सुरेल वाजाव्यात. हे सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. तंबोऱ्याच्या कारागिराला मोकळ्या तारांचं कौतुक मी काय सांगणार!

स्प्रिंगस्टीन लावला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याला गळा नाही. जवारी आहे पण."

माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षं मी हेच दादाला, बाबांना सांगू बघत होते आणि शब्द सापडत नव्हता. लगेच हुरळून डिलन लावला. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हा बंद करा ताई, कानस हलते."

नील यंगचा 'हार्वेस्ट' राहिलाच. तोही पोलिओतून उठलेला. आवडतो, पण त्यातल्या दोन गाण्यांत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घातलाय. पिठलं-भाकरीच्या ताटात श्रीखंड सांडल्यासारखं होतं. लेनर्ड कोहेन ऐकून पाहिला, मोठा माणूस असणार, मला झोप येते.

आणि एक. स्वतः रचून स्वतः गाणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणायचं? गायक-गीतकार म्हटलं की सत्काराचं प्रमाणपत्र वाटतं. शाहीर हा शब्द आहे की. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोघंही इथल्याच वाळवा तालुक्यातले. बाबा आंघोळ करताना 'माझी मैना' म्हणायचे. रागदारीवाला माणूस, पण तेवढी छक्कड मात्र फाटक्या आवाजात, रांगडी. पोटासाठी मुंबईला निघालेला माणूस, मागं राहिलेली बायको, आणि बघता बघता गाणं बेळगाव-कारवारपाशी जाऊन पोचतं. तेव्हा बाबांचा सूर हलायचा. बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून मी ऐकलंय, बाबा असेपर्यंत त्यांना मात्र हे बोलले नाही.

'बी' बाजू संपत आलीये. 'शेल्टर' चालू झालं. फोनवर पूर्ण गाणं कितीही वेळा ऐकलं तरी ते दोन मिनिटांचं ठिकाण आलं की माझी मान आपोआप वर होते.

खट्.

"आली का गं?"

"नाही."

उद्या सौदे आहेत, सातला यार्डात पोचायचंय.