फुटाला एक पौंड

काल दुपारी जेवून जरा आडवी होणार होते, ते सोडून यूट्यूबवर 1935 सालचा 'द फँटम लाइट' लावून बसले. ब्रिटिश, ब्लॅक अँड व्हाइट, सव्वा तासाचा, बजेट बेताचंच. लंडनचा एक दीपगृहवाला वेल्समधल्या गावात नवीन नोकरीवर येतो आणि गावकरी सांगतात, बाबा रे तिथे भूत आहे. त्याचं काम करणारा नट गॉर्डन हार्कर म्हणजे खालचा ओठ असा पुढे आलेला की नुसतं बघितलं तरी वाटतं आता कुणाशी तरी भांडणार. भुताचं ऐकून हा घाबरण्यापेक्षा वैतागतोच जास्त. माझे पैसे तिथेच वसूल, म्हणजे दिले नव्हते तरी.

जुना सिनेमा असला की मी गोष्ट सोडून दारं बघते. दार आपटल्यावर भिंत हलते का. लहानपणी गणपतीत कॉलनीचं नाटक असायचं, एकदा शेजारच्या काकांनी रागारागात दार लावलं आणि अख्खा दिवाणखाना लटलटला, मागून कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवलेला, त्याची बोटं कडेला दिसत होती. पुढचे विनोद कोण ऐकतंय, आम्ही पोरं त्या बोटांनाच हसत होतो.

तर त्या काळी तिकडे असले सिनेमे ढिगाने निघायचे, कारण 1927 चा कायदा. सगळीकडे हॉलिवूड, म्हणून थिएटरांनी ठराविक टक्के ब्रिटिश सिनेमे दाखवायचेच, सुरुवातीला 5, पुढे वाढत 20 टक्के. वितरकांनाही तशीच सक्ती, मग अमेरिकन वितरण कंपन्यांनी ब्रिटिश सिनेमे स्वस्तात बनवून घेतले, भाव साधारण फिल्मच्या फुटाला एक पौंड, कापडासारखा. ट्विकनहॅमच्या स्टुडिओत तर दिवसपाळी आणि रात्रपाळी. आणि असं सांगतात की काही सिनेमे सकाळी लावायचे, थिएटर झाडायला आलेल्या बायकांसमोर, म्हणजे कायद्याचं पोट भरलं. त्या बायकांचं मत कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

पण 'फँटम लाइट'चा दिग्दर्शक मायकेल पॉवेल, पुढे एवढा मोठा झालेला माणूस, तो याच असल्या वीसेक सिनेमांत तयार झाला. 1938 च्या नव्या कायद्यात किमान खर्चाची अट आली आणि ही स्वस्ताई बंद झाली. पॉवेलचे त्यातले बरेच आता हरवलेत, तिकडची मंडळी शोधतायत. सापडले तर सगळे काही चांगले निघणार नाहीत. मला वाईटही चालतील, दारं असली म्हणजे झालं.