लाल शेपट्या

त्या दिवशी मी ११९ गाईंच्या शेपट्यांना लाल रंग लावला. लाल म्हणजे भाकड, गाभण नसलेली. भाकड म्हणजे ट्रक.

जून महिना, उत्तर क्वीन्सलँड. हेलिकॉप्टरने हाकून आणलेला ब्राह्मण वाणाच्या गाईंचा कळप, आणि खोड्यामागे मी, जनावरांची डॉक्टर, गाभण तपासायला खांद्यापर्यंत हातमोजा चढवून. एका गाईला जेमतेम अर्धं मिनिट. गर्भाशयाचं शिंग, म्हणजे त्याची एक शाखा, चिमटीत धरून हळूच सोडायचं. पाच-सहा आठवड्यांची गाभण असेल तर आतला पडदा बोटांतून आधी निसटतो, भिंत नंतर. परभणीच्या कॉलेजात हे कळायला मला अख्खं सत्र लागलं होतं. आता हात चुकत नाही.

मालक कार्बन प्रकल्पात उतरलेला. मांसाच्या गुरांसाठी ऑस्ट्रेलियात २०१५ साली एक पद्धत आली: कळपात वाढलेल्या दर किलो वजनामागे मिथेन आधीच्या वर्षांपेक्षा कमी करून दाखवा, कार्बन क्रेडिट, म्हणजे विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळवा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. लोकांना वाटतं तो मागून सुटतो. खरं तर कोठीपोटात तयार होऊन बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर पडतो. भाकड गाय वर्षभर ढेकरा देते, पण एकही वासरू देत नाही. ती काढली की आकडा सुधारतो. हे मलाही पटतं.

दुपारी लाल शेपट्यांच्या वाड्यापाशी गेले, तर एक गाय जुनं हाड चघळत उभी होती. मग कुंपणाकडेला आणखी हाडं दिसली, सगळी चावलेली. फॉस्फरसची उपासमार! तिकडची माती त्याबाबतीत कंगाल आहे. वासराला दूध पाजताना गाय स्वतःची हाडं झिजवते, वाळत जाते, माजावर येत नाही. आणि आम्ही तिला भाकड म्हणतो.

उपाय आहे, फॉस्फरसचं चाटण. ते द्यायचं पावसाळ्यात, गवत हिरवं असताना, कारण तेव्हाच ते अंगी लागतं. पण पावसाळ्यात मातीचे रस्ते बंद, गाडी रुतते, म्हणून ते राहून जातं. पाऊस येण्याआधी पत्र्याखाली साठा करून ठेवायला कोणी अडवलंय?

कार्बन सल्लागाराला हे सांगितलं. तो म्हणाला, "चाटणाचा परिणाम आकड्यात यायला दोन वर्षं लागतील, ट्रकचा याच वर्षी दिसतो." माणूस वाईट नाही, पण त्याने गाय फक्त तक्त्यात पाहिली आहे. काढलेल्या गाईंच्या जागी ज्या कालवडी येणार, त्या त्याच माळावर चरणार. पहिलं वासरू अंगावर पीत असताना त्यांच्याही शेपट्या लालच होणार.

साडेपाचला ट्रक भरले. हाड चघळणारी दुसऱ्या ट्रकमध्ये होती.

तिकडचा पाऊस सरताना, एप्रिलमध्ये, कालवडींच्या रक्तातला फॉस्फरस तपासायला येते, असा निरोप मालकाला दोनदा पाठवलाय. चाटणाचा हिशेबही सोबत जोडलाय, गाईमागे किती, साठवायचं कुठे, सगळं. अजून उत्तर नाही. या आठवड्यात फोन करणार आहे.