दारात हत्ती
शेवटी आज छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, दारात आला. २०१२ चं मॉडेल, एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंग, १ लाख १० हजार. पाचगावात घराचं काम काढल्यापासून टेम्पोभाड्यानं जीव नकोसा केला होता. चार पोती सिमेंट आणायचं तरी ७०० रुपये, वर "वेळ लागंल भावा" हे ऐकायचं.

उद्यमनगरातला मेस्त्री सोबत नेला म्हणून बरं. त्यानं आधी बॉनेटवर नाही, थेट इंजिनाला हात लावला, गार आहे का बघायला. (गार इंजिनाची खोड लपवायला विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात म्हणे.) मग हौद्यातली रबरी मॅट उचलली. खाली पत्रा गंजून रुपयाएवढं भोक! तिथंच ५ हजार तुटले. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या, पण फिटनेस सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात संपतंय. आठ वर्षांवरच्या टेम्पोला ते दरवर्षी लागतं, आता ते आपल्या माथी.

संध्याकाळी पहिली खेप फरशीची. पाऊण टनाच्या वर भरायचं नाही असं बजावलं होतं. पोरं "बसतंय की" म्हणत राहिली. चढाला हत्ती गुरगुरला, पण चढला.

बायको दारातच उभी. "घर झाल्यावर ह्याचं काय करणार?"

तेवढ्यात आई हळद-कुंकू घेऊन बाहेर आली, वाचलो.