लिहिणे का अडते?

लिहायला बसल्यावर काहीच सुचत नाही तेव्हा तुम्ही काय करता, असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुधा एखादी हमखास युक्ती हवी असते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. पण ‘काहीच’ या शब्दाशी माझे भांडण आहे. एका लेखाच्या पहिल्या परिच्छेदाशी मी तीन आठवडे झुंजत होते, तेव्हा वाक्ये भराभर सुचत होती; फक्त पूर्णविरामापर्यंत पोहोचण्याआधीच मी प्रत्येक वाक्य खोडून टाकत होते.

लिहिताना असे अडून बसण्याला इंग्रजीत ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात; ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाला दिले जाते; ते साल १९४७. त्याने या अडण्याचे मूळ थेट लेखकाच्या तान्हेपणात शोधले होते. ते वाचून मला हसू आले, कारण माझी अडचण त्यापेक्षा पुष्कळच अलीकडची होती. ती मला नेमकी कळली अमेरिकेतील लेखन-अध्यापक माइक रोझ यांच्या १९८० मधल्या एका छोट्या अभ्यासातून. त्यांनी दहा विद्यार्थ्यांच्या लिहिण्याच्या पद्धती समजून घेतल्या. त्यांतले पाच लिहिताना अडकणारे होते आणि पाच न अडकणारे. अडकणारे पाचही जण कुठल्या तरी नियमाला किंवा आराखड्याला घट्ट धरून बसलेले होते: सुरुवातीनेच वाचकाला खेचून घेतले पाहिजे, वाक्य कागदावर उतरतानाच निर्दोष असले पाहिजे, वगैरे. न अडकणाऱ्यांकडेही नियम होतेच, पण ते कामी येईनात तेव्हा त्यांना ते बाजूला ठेवता येत होते. त्या पहिल्या पाचांत मी सहावी म्हणून सहज बसले असते.

तेव्हापासून मी सुरुवात लिहीतच नाही. जो भाग मला सर्वांत चांगला ठाऊक आहे, मग तो लेखाच्या मध्यावरचा का असेना, तिथून मी आरंभ करते, आणि तो मजकूर एखाद्या मैत्रिणीला पत्र लिहावे तसा लिहिते, कारण पत्रात कोणी पहिल्या वाक्याची चमक तपासत बसत नाही. मायना नंतर खोडता येतो. खाडाखोडीसाठी मी दुसरा दिवस राखून ठेवते; लिहिणे आणि तपासणे एकाच बैठकीत केले की माझ्यातली परीक्षक लिहिणारीला बोलूच देत नाही. पहाटे उठावे, वही बदलावी, शब्दसंख्येचे लक्ष्य ठेवावे, हे उपाय वाईट नाहीत, पण मला त्यांचा फारसा उपयोग झालेला नाही.

मात्र हे सगळे उपाय सांगण्यासारखे काही हाताशी असेल तरच चालतात. कधी कधी पत्रसुद्धा दोन ओळींत संपते. पूर्वी अशा वेळी मी स्वतःच्या आळसाला किंवा प्रतिभेला दोष देत असे. आता शंका घेते की मला विषयाची माहितीच अपुरी आहे, किंवा त्याबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही. बहुतेक वेळा ती शंका खरी निघते. मग मी लेखणी खाली ठेवते, टिपणे पुन्हा काढते, राहिलेले वाचते, आणि लेख मागणाऱ्या संपादकांना मजकूर उशिरा येईल असे कळवून टाकते.